नेटवर्किंगमध्ये पुढे जायचंय : आधी सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) की आधी पदवी?

नमस्कार मंडळी,

वय २४, राहणार भांडुप. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा केला. गेली दोन वर्षं ऐरोलीत एका कंपनीच्या नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारा विभाग) एल-वनला, म्हणजे पहिल्या पायरीवर आहे, बहुतेक नाइटच असते. अलार्म बघायचे, तिकीट काढायचं, लिंक पडली की फोनाफोनी करायची. कॉन्फिग (उपकरणांची सेटिंग्ज) बघता येतं, बदलता येत नाही.

मध्यंतरी रात्री अडीचला एका शाखेतला अख्खा मजला बंद पडला. लॉग चाळले तर थोड्याच वेळापूर्वी कोणीतरी ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी मुख्य लिंक) व्हीलॅन ३० (नेटवर्कचा एक वेगळा केलेला गट) टाकला होता आणि कमांडमध्ये 'ॲड' लिहायचं राहिलं होतं. 'ॲड' नसेल तर जुनी सगळी यादी जाते आणि नवीन टाकलेला तेवढाच उरतो. एल-टूच्या (आमच्या वरची पायरी) दादांना फोनवर सांगितलं, पाच मिनिटांत मजला सुरू. लगेच ओळखता आलं, कारण घरी हेच करून बघितलं होतं. लॅमिंग्टन रोडवरून जुना सिस्को २९६० स्विच (नेटवर्कची उपकरणं जोडणारी पेटी) आणलाय, बाकीचा सराव पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरवर.

त्यानंतर एल-टूची जागा निघाली. मॅनेजरनी स्वतःहून माझं नाव दिलं. एचआरकडून परत आलं, पदवीधर पाहिजे म्हणून. फार लागलं ते मनाला.

तेव्हापासून घरात हाच विषय. आईचं म्हणणं, इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला जा, तीन वर्षांत डिग्री हातात. पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल, आणि घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. त्यामुळे तो रस्ता मी मनातून काढून टाकलाय. उरले दोन.

सीसीएनएची फी ३०० डॉलर, करासकट तीस हजारांच्या आसपास. त्यातले सबनेटिंग, ओएसपीएफ, एसीएल हे विषय बऱ्यापैकी हातात बसलेत, ऑटोमेशनचा भाग कच्चा आहे. चार महिन्यांत परीक्षा देईन असं वाटतं. पण सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पुढे नूतनीकरण आलंच. दुसरा रस्ता इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए (कॉम्प्युटरमधली पदवी). नोकरी सांभाळून होईल, पदवी जन्मभराची, पण कमीत कमी तीन वर्षं. त्यात नेटवर्किंग थोडंच आणि बाकीचं प्रोग्रामिंग, तेही नाइट करून सकाळी मुलुंडच्या बसमध्ये डोळे मिटत असताना वाचायचं.

एक सीनिअर म्हणतात, २०२० पासून सीसीएनपीला (सीसीएनएच्या वरचं सर्टिफिकेट) सीसीएनएची अट नाही, सरळ तिकडेच जा. मला ते पटत नाही. दोन पेपरांचे पैसे घालायचे आणि राउटरला हात लावायला मिळालेला नसताना मुलाखतीत बसायचं, हे बरोबर वाटत नाही.

माझा कल असा : आधी सीसीएनए, आणि जानेवारीच्या सत्रात बीसीएला प्रवेश. दोन्ही एकदम झेपेल का, हीच धास्ती आहे.

महापे, पवई, बीकेसीकडे नेटवर्कमध्ये असलेल्यांनी कृपया सांगा. डिप्लोमा आणि सीसीएनए एवढ्यावर एल-टूला कोणाला घेतलेलं पाहिलंय का? 'बीसीए चालू आहे' एवढं सांगितलं तर एचआर फॉर्म पुढे सरकवतात, की निकाल हातात असल्याशिवाय नाहीच? आणि नाइट शिफ्ट करून ज्यांनी इग्नू पूर्ण केलं, त्यांनी असाइनमेंट कधी लिहिल्या तेही सांगा, सुट्टीच्या दिवशी की रोज थोड्या थोड्या?