गॅरेजचा रिमोट गाडीत ठेवायला जागा सुचवा (सनव्हायझर सोडून)

रातराणी_७
गॅरेजच्या दरवाज्याचा रिमोट गाडीत कुठे ठेवावा तेच कळत नाहीये. कपहोल्डरमध्ये ठेवला की वळणावर उडतो आणि पायाशी जातो. रोज संध्याकाळी दारात गाडी आडवी थांबवून चाचपडत बसते, मागे गाड्या खोळंबतात, हॉर्न सुरू होतात. काल तर सीट आणि दोन सीटमधल्या कन्सोलच्या फटीत गेला, काढायला पंधरा मिनिटं लागली. सनव्हायझर सोडून काहीही सुचवा. आज संध्याकाळच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल.

पाचर
पण व्हायझर का नको? रिमोटच्या पाठीला जी तारेची क्लिप असते ती व्हायझरसाठीच दिलेली असते. मी अकरा वर्षं तिथेच लावतोय, एकदाही पडला नाही. क्लिप सैल झाली असेल तर पक्कडीने जरा आत दाबून घ्या. व्हायझर जाड असेल तर रुंद क्लिप वेगळी मिळते. दुसरी जागा शोधण्यात वेळ घालवू नका.

निळी_काच
गाडी कोणती? रिमोट केवढा? स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे? गिअर हाताने टाकता की ऑटोमॅटिक? एवढं कळल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.

मागचा_आरसा
रिमोट ठेवायचाच कशाला? ज्यात दरवाज्याची बटणं असतात असा आतला आरसा बसवून घ्या. होमलिंक म्हणतात त्याला. आरशाखाली तीन बटणं असतात, त्यातलं एक दरवाज्याला जोडायचं. ओपनर (दरवाजा उघडणारी मोटर) रोलिंग कोडचा असेल, म्हणजे रिमोट दर वेळी नवा कोड पाठवणारा असेल, तर आधी रिमोटवरून शिकवायचं आणि मग छतावरच्या मोटरच्या डब्यावरचं ‘लर्न’ बटण दाबून लगेच, साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत, आरशाचं बटण दाबायचं. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात आणि चालत नाही म्हणून बोंब मारतात. मी दोन गाड्यांना बसवलाय. सेल बदलायची भानगड नाही, हरवायची भीती नाही.

रातराणी_७
साधी हॅचबॅक आहे, ऑटोमॅटिक. स्टिअरिंग डावीकडे. रिमोट काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, तीन बटणांचा. बटणंवाला आरसा नाही आणि बसवायचाही नाहीये. आणि व्हायझर नको असं शीर्षकातच लिहिलंय.

एक_टॅप
मग फोन वापरा. ओपनरला वायफायचा एक छोटा डबा जोडता येतो, फोनवरून दरवाजा उघडतो. ऑफिसात बसूनही बंद आहे की उघडा ते दिसतं. रिमोट ड्रॉवरमध्ये टाकून द्या.

पाचर
फोन? गाडी रस्त्यात, मागे हॉर्न, आणि यांनी फोन उघडून अ‍ॅप शोधायचं? रिमोटला एक बटण पुरतं. शिवाय कित्येक ठिकाणी चालवताना फोन हातात धरला तर दंड होतो. नेट गेलं तर बाहेरच उभं राहायचं ते वेगळंच.

एक_टॅप
नेट गेलं तरी भिंतीवरचं बटण आणि जुना रिमोट चालूच असतो, ते काही काढून टाकत नाही कोणी. आणि माझा फोन स्टँडवर असतो, हातात धरावा लागत नाही. अनुभव नसताना मोडीत काढू नका.

तारवाली
मी केलेलं सांगते, ज्याला सोल्डरिंग येतं त्याला उपयोगी पडेल. रिमोट उघडला, ज्या बटणाने दरवाजा उघडतो त्याच्या दोन पायांना दोन बारीक वायरी सोल्डर केल्या आणि त्या डॅशबोर्डमधल्या एका रिकाम्या बटणापर्यंत नेल्या. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला अशी एकदोन कोरी झाकणं असतात. तिथे साधं दाबबटण बसवलं, दाबलं तेवढाच वेळ जोडलं जाणारं. रिमोट आत डॅशबोर्डच्या मागे फोममध्ये गुंडाळून ठेवला. एकच सांगणं: गाडीच्या १२ व्होल्टला त्यातली कुठलीही वायर लावू नका, रिमोट ३ व्होल्टच्या सेलवर चालतो, क्षणात जळेल. आणि सेल बदलायला हात जाईल अशाच जागी ठेवा. मी पहिल्यांदा फार आत ठेवला होता, दीड वर्षाने सगळं पॅनेल खोलावं लागलं.

दुपारचं_ऊन
डॅशबोर्डवर काही चिकटवायचा विचार असेल तर करू नका, मी चिकटवून पस्तावलोय. उन्हाळ्यात डबलसाइड टेप चिकचिकीत होऊन रिमोट घसरत खाली आला, मागे काळा चिकट ओघळ राहिला तो अजून निघालेला नाही. २०१८ साली काही संशोधकांनी उन्हात गाड्या उभ्या करून मोजलं होतं. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत गेला, सीट ५१ पर्यंत. रिमोटमधल्या बटणसेलची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते. म्हणजे ऊन पडेल अशी जागाच बाद करा.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. जिथे एअरबॅग असं कोरलेलं असतं तिथे आणि त्याच्या आसपास काहीही चिकटवू नका. स्टिअरिंगचा मधला भाग, शेजारच्या सीटपुढचा डॅशबोर्ड, पुढच्या काचेच्या कडेचे खांब, दारावरची छताची कड. काही गाड्यांत गुडघ्यापाशीही असते. ती फुगते तेव्हा तिच्यावर बसवलेली वस्तू गोळीसारखी तुमच्याच अंगावर येते.

मागचा_आरसा
हे सगळे खटाटोप आरशाने वाचतात हेच मी म्हणतोय. आरसा ना उन्हात पडून असतो ना एअरबॅगवर.

बिजागरी
दरवाजा कसा आहे, करकरतो का? करकरत असेल तर रुळांना ग्रीस लावू नका, त्यात धूळ बसून आणखी जड होतो. चाकांना आणि बिजागऱ्यांना सिलिकॉनचा स्प्रे मारा. वरच्या मोठ्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका, तिच्यात भयंकर ताण असतो, ते काम कारागिराचंच.

रातराणी_७
दरवाजा उत्तम आहे. प्रश्न रिमोटचा आहे.

बरं, मघाशी लिहिलं नव्हतं ते लिहिते, कारण सगळे व्हायझर आणि आरशावरच येताहेत. माझा उजवा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर. चार महिने झाले. उजवा हात छातीच्या वर नेला की डोळ्यांत पाणी येतं. डावा हात चांगला आहे, पण आमच्या दाराशी चढ आहे आणि तिथेच वळण, डावा हात स्टिअरिंगवरून काढायची माझी हिंमत होत नाही. त्यामुळे व्हायझर, आरसा, छताजवळचं काहीही नको. कोपरापासून खाली उजवा हात व्यवस्थित चालतो. आणि नजर रस्त्यावरून न काढता बटण सापडायला हवं. आधीच सांगायला हवं होतं, पण अनोळखी लोकांत दुखणं कशाला सांगायचं असं वाटलं.

पाचर
अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर मी व्हायझरचं नावही काढलं नसतं. मनापासून माफी. तुमच्यासाठी व्हायझर बादच.

सावली_२
फ्रोझन शोल्डर असेल तर रक्तातली साखर तपासून घेतली का? मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त आढळतं. माझा खांदा सुटायला जवळपास दोन वर्षं गेली, पण फिजिओथेरपी नियमित केल्याने रात्रीची झोप तरी लवकर परत मिळाली. धीर सोडू नका.

रातराणी_७
साखर तपासली, ठीक आहे. फिजिओ चालू आहे. विचारलंत, बरं वाटलं.

निळी_काच
आता नेमकं सांगता येईल. गाडी उभी असताना सीटवर नेहमीसारख्या बसा. डोळे मिटा. उजवा हात स्टिअरिंगवरून सोडून द्या, जिथे आपोआप पडेल तिथे पडू द्या. ऑटोमॅटिक गाडीत तो बहुतेक गिअरच्या दांड्यापाशी किंवा आर्मरेस्टच्या पुढच्या टोकाला येतो. तिथून बोटं जिथे सहज टेकतात तीच तुमची जागा. बहुतेकांच्या बाबतीत ती कन्सोलची उभी बाजू असते, दांड्याच्या थोडी पुढे.

चिकटवायला व्हेलक्रो घ्या. काट्यांची पट्टी रिमोटला, मऊ पट्टी गाडीला, म्हणजे रिमोट काढला तरी हाताला गाडीत काही टोचत नाही. आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. प्लास्टिकला चमक आणण्यासाठी जे लावतात त्याचा थर असेल तर जगातला कुठलाही गोंद टिकत नाही. पट्टी दाबून बसवा आणि रिमोट दुसऱ्या दिवशीच लावा, गोंद पक्का व्हायला २४ तास लागतात. खरखरीत किंवा रबरासारखं मऊ प्लास्टिक टाळा, गुळगुळीत तुकडा शोधा.

आणि लावण्याआधी रिमोट नुसता हाताने त्या जागी धरून हे बघा: दांडा पार्कमध्ये गेल्यावर त्याला लागतो का, कप्प्याचं झाकण उघडतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा गुडघा बटणावर येतो का. गुडघ्याने बटण दाबलं गेलं तर घरातून निघता निघता दरवाजा परत उघडेल आणि दिवसभर उघडा राहील. आमच्याकडे एकदा झालंय.

दुपारचं_ऊन
अनुमोदन. कन्सोलची बाजू सावलीतही राहते.

तारवाली
तीन बटणांपैकी नेमकं बटण न बघता सापडायला त्यावर गोंदाचा एक थेंब टाकून सुकू द्या, कीबोर्डवर जसा उंचवटा असतो तसा. दुसऱ्या दिवसापासून बोट आपोआप जातं.

लोखंडी_दार
चुंबक का नाही कोणी सुचवत? मी चुंबकाने लावतो.

तारवाली
कन्सोल प्लास्टिकचा असतो, चुंबक धरेल कशाला? आधी पत्र्याची चकती चिकटवावी लागणार. मग व्हेलक्रो काय वाईट?

रातराणी_७
डोळे मिटून करून बघितलं. हात दांड्याच्या पुढे, कन्सोलच्या उजव्या कडेला पडतो. गुडघा लागत नाही. व्हेलक्रो उद्या लावते.

पण नवीनच अडचण. रिमोट तिथे धरून बटण दाबलं तर दरवाजा उघडतच नाही, अगदी दाराला खेटून उभी राहिले तरच उघडतो. हातात उंच धरला की रस्त्यावरून उघडायचा. आता काय?

मागचा_आरसा
खाली ठेवल्यावर हे होणारच. चारी बाजूंनी पत्रा, लहर काचेतूनच बाहेर पडते. उंचावर ठेवणं हाच उपाय, म्हणूनच मी आरसा म्हणत होतो.

निळी_काच
त्या रिमोट उंच ठेवू शकत नाहीत हे त्यांनी सांगितलंय. आणि उंच ठेवूनही हमी नाही. ज्या काचांवर उष्णता परतवणारा धातूचा थर असतो त्यातून लहर नीट जात नाही, म्हणून आरशाजवळ थोडी जागा बिनथराची सोडलेली असते.

पण फरक फारच मोठा वाटतोय. सेल कधी बदललाय?

रातराणी_७
मागच्या महिन्यात. सीआर२०३२, जुना होता तोच नंबर.

बिजागरी
मघाशी मी न विचारलेलं सांगत बसलो, पण हे कामाचं असेल. छतावरच्या मोटरच्या डब्यात दिवा असतो ना, तो अलीकडे बदललाय का? एलईडी लावलाय का?

रातराणी_७
हो, दोनेक महिन्यांपूर्वी. जुना गेला म्हणून घरातला पडलेला एलईडी लावला. त्याचा काय संबंध?

बिजागरी
बराच. हे रिमोट कुठे ३१५, कुठे ३९०, कुठे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. एलईडीच्या बुडात जे छोटं सर्किट असतं ते काही दिव्यांत त्याच पट्ट्यात खरखर सोडतं, आणि दिवा अँटेनाच्या अगदी शेजारी. ओपनरला रिमोटचं ऐकूच येत नाही. ओपनरचा प्लग काढा, दिवा काढा, प्लग परत लावा आणि दिव्याशिवाय त्याच जागेवरून दाबून बघा. डब्यातून वीतभर बारीक वायर लोंबत असेल ती अँटेना. गुंडाळलेली किंवा पत्र्यावर चिकटलेली असेल तर मोकळी सरळ खाली सोडा.

लोखंडी_दार
माझा दरवाजा अर्धा खाली येऊन परत वर जातो. तेही दिव्यामुळे का?

बिजागरी
नाही. ते दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून चारसहा इंच उंचीवर जे सेन्सर असतात त्यांचं काम. एकमेकांसमोर नसतील, जाळं बसलं असेल किंवा मावळतीचं ऊन थेट भिंगावर पडत असेल तर असं होतं. पुसा, सरळ करा. ते काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, लहान मूल किंवा मांजर खाली आलं तर दरवाजा त्यांच्यामुळेच थांबतो. बाकी वेगळा धागा काढा, इथे यांचं काम अर्धवट राहील.

सावली_२
एक राहिलं. गाडी कधी बाहेर रस्त्यावर उभी करत असाल तर रिमोट काढून पर्समध्ये न्या. गाडीत पत्ता असलेले कागद आणि सोबत रिमोट, म्हणजे चोराच्या हाती घर दिल्यासारखं आहे. रिमोट गेलाच तर बऱ्याच ओपनरवर ते ‘लर्न’ बटण त्याच्याजवळचा बारीक दिवा विझेपर्यंत, पाचसहा सेकंद दाबून धरलं की सगळे रिमोट पुसले जातात. मग घरातले उरलेले परत जोडायचे.

रातराणी_७
तिसरा दिवस, सांगायला आलेय. दिवा काढला आणि कन्सोलच्या कडेवरून पहिल्याच दाबात दरवाजा उघडला, तोही वळणाच्या अलीकडून. वायरही गुंडाळलेली होती, ती सोडली. ओपनरसाठी म्हणून वेगळा एलईडी मिळतो असं कळलं, तो मागवलाय, तोवर अंधारात चालतंय. व्हेलक्रो लावून २४ तास थांबले. बटणावर थेंब टाकला, जरा मोठा झाला पण सापडतो पटकन. काल संध्याकाळी स्टिअरिंगवरचा डावा हात न काढता आणि मान न वळवता सरळ आत गेले. मागे कोणी हॉर्न दिला नाही.

बिजागरी, दिव्याचं मला आयुष्यात सुचलं नसतं. निळी_काच, डोळे मिटायची युक्ती आता फोनच्या स्टँडसाठीही वापरणार आहे.

पाचर
छान झालं. माझ्याही ओपनरमध्ये एलईडी आहे, आणि हल्ली दोनदा दाबावं लागतं. मी सेलला दोष देत होतो. आज दिवा काढून बघतो.