लातूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं लहानसं तळं सुचवा (डबा, गळ, होडी)

दोन_पोरांची_आई:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस पाण्याकाठी काढायचाय. आम्ही सहा जण: मी, नवरा, दोन पोरं (वय 8 आणि 11) आणि सासू-सासरे. सासऱ्यांना गळ टाकून बसायचा नाद आहे, मासा लागला नाही तरी त्यांची तक्रार नसते. पोरांच्या मामानं हवा भरायची होडी आणि दोन वल्ही पाठवलीत. ती हॉलमध्ये फुगवून झाली, आता पाण्यात कधी न्यायची म्हणून डोकं खायलेत. मुक्काम करायचा नाही. सकाळी निघून दिवेलागणीला घरी. मोठं धरण नको, गर्दी नको, डीजे तर नकोच. सावली पाहिजे, सासूबाईंना फार चालवत नाही. कुठं जावं?

धपाटे_अनलिमिटेड:
सोयीचं ठिकाण पाहिजे असेल तर धाराशिवला हातलाई. डोंगरावर देवी, खाली तलाव. पण ते शहराचं फिरायचं ठिकाण आहे, तिथं तुम्ही होडी फुगवत बसलात तर निम्मं गाव बघायला जमेल. दुसरं नळदुर्ग. बोरी नदी अडवून किल्ल्यातच पाणी साठवलंय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नर-मादी धबधबे मात्र नदीला पाणी असेल तरच. पोरं खूश होतील, सासरेबुवांनी गळ घरीच ठेवावा.

मांजराकाठचा:
ताई, नळदुर्ग चांगलंच आहे, पण तुम्हाला जे पाहिजे ते तिथं नाही. तुमचं काम मध्यम प्रकल्पावर, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या मधल्या आकाराच्या तळ्यावर होईल. आपल्या जिल्ह्यात आठ आहेत: तावरजा, व्हटी, रेणा, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा. नावावर जाऊ नका. आपल्याकडं तळं निवडायचं ते त्या महिन्यात त्यात किती पाणी आहे आणि मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे, हे बघून. मागच्या वर्षी कुणीतरी फोटो टाकला म्हणून गेलात तर पाण्याऐवजी भेगाळलेली जमीन बघून याल. 2016 च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पेपरात साठ्याची टक्केवारी येते, ती बघा. ती उपयुक्त साठ्याची असते. पाणी जोत्याखाली गेलं म्हणजे उपयुक्त साठा संपला, उरला तो मृतसाठा. अशा तळ्यावर गाडी लावता तिथून पाणी लांबच लांब, मधे सगळा गाळ. परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीला तळी भरलेली असतात, तुमची वेळ बरोबर आहे.

आता काठ. काळ्या मातीचा काठ वरून वाळलेला दिसतो, पापडी धरलेली असते, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. चप्पल तिथंच राहते. म्हणून मुरमाड काठ शोधा, धरणाच्या भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब. भिंतीचे पिचिंगचे दगड शेवाळानं निसरडे असतात, तिथून होडी उतरवायच्या फंदात पडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाळाचे खड्डे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ उपसतात, शेतकरी ट्रॅक्टरनं तो रानात नेतात. रानाला चांगलं, पण तळ्यात उभ्या कडांचे खड्डे राहतात. तळं भरलं की वरून काहीच कळत नाही. पोरगं घोट्याएवढ्या पाण्यात खेळतंय म्हणून आपण निवांत बसतो आणि पुढच्याच पावलाला डोक्यावर पाणी. काठी टेकवत आधी मोठ्या माणसानं आत जाऊन बघायचं, मग पोरं. गावातल्या गुराख्याला विचारा, कुठून गाळ काढला ते त्याला पाठ असतं.

आणखी एक, मोटारी. काठाला शेतकऱ्यांचे पंप असतात, पाण्यात पाइप आणि कडेला वायरी लोंबतात, जोडाला नुसती चिकटपट्टी. त्या बाजूला होडी नाही, आंघोळ नाही, काही नाही.

चक्रवाक_उदगीर:
तिरूला जाणार असाल तर एक विनंती. थंडीत तिथं पाणपक्षी उतरतात. चक्रवाक उघड्या काठावर जोडीनं बसलेले असतात, पट्टकादंब हंसही मराठवाड्यातल्या तलावांवर येतात. होडी सरळ त्यांच्या दिशेनं नेली की सगळा थवा उठतो आणि चरायचं सोडून पलीकडच्या टोकाला जातो. काठाकाठानं वल्हवा, पक्षी मान वर करून बघायला लागले की वळवा. पोरांना दुर्बीण द्या. आणि गळाचा तुटलेला तंगूस (नायलॉनची दोरी) काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो आणि मग पाय सुजून काळा पडतो. तुकडे डबीत गोळा करून घरी न्या.

येळवस:
ताई, नुसत्या पोळी-भाजीवर जाऊ नका. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फोडून. आणि हे सगळं वेळ अमावस्येला करायचा विचार असेल तर विसरा, त्या दिवशी अख्खा जिल्हा रानात असतो. त्यापेक्षा कुणाच्या तरी शेतातली भज्जी आणि आंबील गाठा. 🙂
डीजेचं म्हणाल तर रविवार टाळा. रविवारी दुपारी कुठल्या न कुठल्या झाडाखाली पार्टी उतरतेच, आणि संध्याकाळी काठावर बाटल्यांच्या काचा. पोरांच्या पायात बूट असू द्या.

दोन_पोरांची_आई:
बापरे, खड्ड्यांचं ध्यानातच आलं नसतं. दोन शंका. ठेका कुणाकडं हे कळायचं कसं? काठावर बसून एक गळ टाकायला पण परवानगी लागते का? आणि पोरांसाठी लाइफ जॅकेट ऑनलाइन मागवायलोय, काय बघून घ्यावं?

गळवाला:
जॅकेट वजनावर घ्यायचं, वयावर नाही. आत वजनाचा आकडा छापलेला असतो. पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. पोराला घालून, सगळे पट्टे आवळून, जॅकेटच्याच खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं होतंय, परत पाठवा. हवेची रिंग, ट्यूब हे खेळणं आहे, त्याच्या भरवशावर पाण्यात सोडू नका. मोठ्यांनीपण घालायचं, पोहता येतं म्हणून सूट नाही.

होडीचं: काठावर वेडी बाभूळ असतेच. वाळलेला काटा मातीत उभा राहतो, फुगवलेली होडी ओढत नेली की फुस्स. खाली जुनी ताडपत्री अंथरून फुगवा आणि दोघांनी उचलून पाण्यात ठेवा. सकाळी सकाळीच वल्हवून घ्या. दुपारी वारा उठतो आणि हलकी होडी बघता बघता मधे जाते. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, दमल्यावर वारा आणून सोडतो. होडीला लांब दोरी बांधून एक टोक काठावर नवऱ्याच्या हातात, हे पहिल्या दिवशी तरी कराच. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आता ठेका. पाटबंधाऱ्याच्या तलावातली मासेमारी मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलेली असते. सोसायटी पैसे भरते, वर पदरचे घालून रोहू, कटला, मृगळचं बीज सोडते. म्हणून अनोळखी माणूस गळ घेऊन बसला की त्यांचा राखणदार येतो. भांडायला येत नाही बिचारा, त्याचं ते कामच आहे. काठावर जाळी वाळत घातलेली दिसतील, थर्माकोलचे तराफे दिसतील, तिथं जाऊन आधी रामराम घाला. म्हातारा माणूस एका गळावर बसणार म्हटल्यावर बहुतेक जण हो म्हणतात, काही जण थोडे पैसे मागतात. नाही म्हणाले तर गळ गुंडाळायचा. जाळं मात्र नेऊच नका.

सासऱ्यांना सांगा, कटल्याच्या मागं लागू नका. त्याचं तोंड वरच्या अंगाला, तो पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक खाणं गाळून खातो, गांडुळाला तोंड लावील याचा भरवसा नाही. तिलापी धरा. कणीक घट्ट मळायची, चिमूटभर हळद, थोडी शेंगदाण्याची पेंड, वाटाण्याएवढी गोळी बारीक गळाला. दगडाच्या कपारीजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. दोरीला तरंगायला बांधलेला थर्माकोलचा तुकडा आधी दोनदा थरथरतो, तेव्हा ओढायचं नाही. तिसऱ्यांदा तो तिरका होऊन सरकायला लागला की मनगटानं हलका झटका. पोरांनापण हे लगेच जमतं.

पुढं कधी पावसाळ्यात गेलात आणि पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथं गळ टाकू नका. ती मरळीची पिल्लं, खाली आई-बाप राखणीला असतात. राखणीतली मरळ गळावर धावून येते म्हणून लोक मुद्दाम तिथं टाकतात. एक मरळ मिळते, पण राखण गेल्यावर त्या पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात.

धपाटे_अनलिमिटेड:
हे सगळं वाचून मीच निघालो बगा. 😄 सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या. आपल्या तळ्यांवर सावली म्हणजे बाभळीची, ती तासातासाला जागा बदलते. आडोशाची सोय पण कुठंच नाही, येताजाताना पेट्रोल पंप हेरून ठेवा.

दोन_पोरांची_आई:
सगळ्यांचे आभार. सध्या तरी रेणा ठरवलंय, जवळ आहे, सासूबाईंना प्रवास झेपेल. शनिवारीच जाऊ. रेणापूरला माझा भाचा असतो, तो शुक्रवारी जाऊन काठ बघून येतो म्हणाला. फोटो टाकते, मुरमाड आहे का चिखल ते सांगाल का?

मांजराकाठचा:
टाका की. भाच्याला भिंतीवर उभं राहून काढू नका म्हणावं, पार पाण्याला लागून, स्वतःचे पाय फोटोत येतील असा काढायला सांगा. बूट कुठवर माखलेत त्यावरून सगळं कळतं. आणि सोसायटीचा माणूस भेटला तर गळाचे किती घेणार ते शुक्रवारीच ठरवून घ्या. ऐन वेळेला, पोरं होडीत बसल्यावर, दर वाढतो.