पगार एक, वागणूक दुसरी
"पगार वाढवा, निष्ठा आपोआप येते" असं नोकरीतल्या माणसांबद्दल कुणीतरी म्हणालं. मला अर्धंच पटलं. बेळगावजवळच्या एका सरकारी पदवी कॉलेजात मी सहा वर्षं अतिथी उपन्यासक होतो (म्हणजे मानधनावरचा तात्पुरता प्राध्यापक; आमच्याकडं कागदावर हाच शब्द). यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सातव्या वेतनश्रेणीत कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच महिन्याला ५७,७००. आमचं मानधन २०२२ ला वाढलं तरी तेव्हा जास्तीत जास्त ३२,००० होतं. तास मात्र आठवड्याला पंधरा झाले. वर दरवर्षी नव्यानं अर्ज.

पण मला लागलं ते वेगळंच. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची नव्हती, लायब्ररीत बसायचो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलींना मात्र रात्री आठपर्यंत मीच. आणि नॅकची समिती आली त्या दिवशी कॉलेजवाले म्हणाले, "सर, तुम्ही मागं बसा."

धारवाडकडचे एक कायम सर तेवढे आपले. कन्नड परिपत्रक आलं की ओळ न् ओळ समजावून सांगायचे, वर डबा पुढं सरकवायचे. खरं सांगतो, त्यांच्यामुळं दोन वर्षं जास्त टिकलो. त्यांची बदली झाली, त्याच वर्षी मी अर्जच भरला नाही.