मुंबई मेट्रो १ ला सहा डबे का नाहीत?

घाटकोपरकर: वर्सोवा–घाटकोपर मार्गाचे फलाट सहा डब्यांचे, मग गाड्या चारच डब्यांच्या का?

रूळवेडा: डबेच कमी. १६ गाड्या, ६४ डबे. सहाच्या केल्या तर जेमतेम १० होतील. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधलं अंतर वाढेल.

कारशेड: १० पण नाही हो! प्रत्येक गाडीच्या दोन्ही टोकांचे डबे चालकाच्या केबिनवाले, म्हणजे मधले डबे फक्त ३२. सहाच्या गाडीला मधले चार लागतात, म्हणून ८ गाड्या. केबिनचे १६ डबे पडून राहणार. मधले डबे नवे घ्यायलाच हवेत, शिवाय ब्रेक आणि गाडीतली नियंत्रण यंत्रणा सहासाठी जुळवून पुन्हा चाचण्या.

रूळवेडा: बरोबर, केबिनचं राहिलंच. भुयारी मेट्रो ३ ला मात्र सुरुवातीपासून आठ डबे. भुयारी स्टेशन नंतर लांबवणं फार अवघड.