रोलिंग मिलच्या ६०० किलोवॉट मोटरचे कंपन भाराखाली दुपटीहून अधिक होते. रोटर बॅलन्स करून घ्यावा का?

मेंटेनन्स_तळोजा (प्रश्न)

नमस्कार. तळोजा एमआयडीसीतील एका री-रोलिंग मिलमध्ये मी यांत्रिक देखभालीचे काम पाहतो. आमच्या रफिंग स्टँडला (लाटण्याच्या पहिल्या टप्प्यातले रोल) ६०० किलोवॉटची, सहा पोलची स्लिप-रिंग मोटर (जिच्या रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, वाइंडिंग रिंग आणि ब्रशमार्गे बाहेरच्या रेझिस्टन्सला जोडलेली असते) असून तिच्यापुढे गिअर कपलिंग, फ्लायव्हील, रिडक्शन गिअरबॉक्स आणि पिनियन स्टँड (रोलना फिरवणारी दातेरी चाके) अशी रचना आहे. पावसाळ्यापूर्वी ही मोटर रिवाइंडिंगसाठी बाहेर पाठवली होती आणि परत आल्यावर जुन्याच बेसफ्रेमवर बसवली. तेव्हापासून मिल रिकामी फिरत असताना कपलिंगच्या विरुद्ध बाजूच्या बेअरिंगवर आडव्या दिशेने सुमारे ३ मिमी प्रति सेकंद कंपन मिळते. मात्र बिलेट (लाटायचे पोलादी तुकडे) एकामागून एक सुरू झाले की तेच ७ च्या वर जाते. रिकामी असताना वेग ९९४ आरपीएम असतो आणि भाराखाली तो ९३० पर्यंत उतरतो. रोटर जागेवरच बॅलन्स करून घ्यावा, असा वर्कशॉपचा सल्ला आहे. यंत्रांच्या कंपनाविषयीच्या आयएसओ १०८१६-३ या मानकाच्या तक्त्यानुसार ७.१ च्या पुढे यंत्र चालवू नये, म्हणून मोटर थांबवायची का, असे व्यवस्थापन विचारत आहे. आपला अनुभव काय सांगतो?

कंपनमापक_ऐरोली

आपण दोन्ही वेग लिहून दिले हे फार बरे झाले, कारण माझ्या मते प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. फ्लायव्हील असलेल्या मिलमध्ये मोटरचा वेग मुद्दाम घसरू दिला जातो. वेग घसरला तरच फ्लायव्हील आपली साठवलेली ऊर्जा रोलला देऊ शकते. त्यामुळे भाराखाली एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात : टॉर्क वाढतो आणि फिरण्याची वारंवारता १६.६ हर्ट्झवरून १५.५ हर्ट्झवर येते. कंपन यांपैकी कशामुळे वाढले हे ठरल्याशिवाय बॅलन्सिंगवर खर्च करू नये. असमतोलामुळे येणारे बल वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणजे वेग उतरल्यावर ते कमी व्हायला हवे. आपल्याकडे नेमके उलटे घडत आहे. बेसफ्रेमसह मोटरची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यास ती आपोआप ज्या गतीने थरथरते ती) १५.५ हर्ट्झच्या आसपास असेल, तर मात्र हे वागणे सहज समजते.

याची परीक्षा बिनखर्चाची आहे. मिल रिकामी चालू असताना मीटरचा सेन्सर त्याच बेअरिंगवर आडवा लावून ठेवावा आणि मोटरचा वीजपुरवठा बंद करावा. फ्लायव्हीलमुळे वेग सावकाश उतरतो, त्यामुळे टॅकोमीटर पाहत दर १० आरपीएमला वाचन लिहून घेण्याइतका अवधी मिळतो. ९३० च्या जवळ भार नसतानाही कंपन वाढले, तर ते अनुनादाचे (फिरण्याची आणि नैसर्गिक वारंवारता जुळल्याने कंपन फुगण्याचे) लक्षण. वेगाबरोबर ते कमीच होत गेले, तर कारण भाराच्या बाजूला, म्हणजे अलाइनमेंट, गिअर किंवा पिनियन यांत शोधावे. पुरवठा बंद केल्या क्षणी आकडा एकदम किती पडतो, हेही अवश्य नोंदवावे. ती घट विद्युतचुंबकीय भागामुळे समजावी, कारण यांत्रिक कंपन क्षणात नाहीसे होत नाही.

तक्त्याविषयी एक खुलासा. ३०० किलोवॉटवरील यंत्रे दृढ पायावर असतील तर मर्यादा (अनुक्रमे नव्या यंत्रासाठी, दीर्घकाळ चालवण्यासाठी आणि ज्यापुढे चालवू नये ती) २.३, ४.५ आणि ७.१ अशा आहेत, आणि लवचिक आधारावर ३.५, ७.१ आणि ११. या भागाची जागा २०२२ मध्ये आयएसओ २०८१६-३ ने घेतली आहे. परंतु हे आकडे स्थिर चालीत घेतलेल्या वाचनासाठी आहेत. बिलेट रोलमध्ये शिरतानाचा झटका आणि त्यानंतरची घसरण हे स्थिर चालीत मोडत नाही. त्यामुळे रिकामी चाल आणि सलग रोलिंग यांची नोंद वेगवेगळी ठेवावी आणि तुलना त्याच स्थितीतील मागील आकड्याशी करावी.

इलेक्ट्रिकल_ठाणे

रिवाइंडिंग झालेले आहे, म्हणून रोटर सर्किटकडेही पाहावे. स्लिप-रिंग मोटरच्या रोटरमध्ये पिंजऱ्याचे बार नसतात, म्हणून तुटलेल्या बारची शंका घेण्याचे कारण नाही. पण तिन्ही फेजचा एकूण रोध सारखा नसेल (एखादा ब्रश अडकलेला, रेझिस्टन्सचे एखादे जोड सैल), तर स्टेटरचा (मोटरच्या स्थिर भागाचा) करंट स्लिप वारंवारतेच्या (रोटर १००० आरपीएमच्या जितका मागे पडतो, पुरवठ्याच्या ५० हर्ट्झचा तितका भाग) दुप्पट गतीने हेलकावे घेतो. ९३० वर स्लिप ७ टक्के आहे, म्हणजे हेलकावे सेकंदाला ७ वेळा येतील. रिकाम्या चालीत ते ०.६ हर्ट्झवर येतात आणि अँमीटरच्या काट्यावर डोळ्यांनी दिसतात. टॉंग टेस्टरने (तारेभोवती अडकवायच्या करंट मीटरने) रोटरच्या तिन्ही लीडचे करंट ताडून पाहावेत.

आणखी एक गोष्ट : बिलेट शिरताना शाफ्टला जो पीळ पडतो, तो बेअरिंगवरील मीटरला जवळजवळ दिसतच नाही. वॉबलर आणि स्पिंडल (पिनियन व रोल यांना जोडणारे शाफ्ट आणि त्यांची टोके) यांतील ढिलाई वाढली की हाच पीळ कित्येक पटींनी मोठा होतो. कंपन ३ दिसले म्हणून कपलिंग सुरक्षित आहे, असे मानू नये.

मेंटेनन्स_तळोजा

दोघांचेही आभार. साप्ताहिक सुट्टीच्या आधी मिल रिकामी करून परीक्षा घेतली. पुरवठा बंद करताच वाचन ३.० वरून २.४ वर आले. पुढे वेग उतरत असताना ते वाढत जाऊन ९३० ते ९४० च्या दरम्यान ६ च्या जवळ पोहोचले आणि ८८० च्या खाली २ पेक्षाही कमी झाले. रोटरचे तिन्ही करंट जवळपास समान आहेत. मोटर थंड झाल्यावर पायाचे बोल्ट एकेक करून सैल केले, तेव्हा कपलिंगविरुद्ध बाजूच्या एका पायावर डायल गेज ०.१८ मिमी सरकले. त्याच कोपऱ्यात बेसफ्रेमवर हातोडी मारल्यास ग्राउट (बेसफ्रेमखाली भरलेला थर) पोकळ वाजते. आता शिम (पातळ पत्रे) घालून बोल्ट आवळले तर पुरेसे होईल का?

कंपनमापक_ऐरोली

निदान पुरेसे स्पष्ट झाले आहे. ०.१८ मिमी ही फट बरीच मोठी आहे, ०.०५ च्या आत यावी असा प्रयत्न असतो. ३.० मधून २.४ वजा करून विद्युत भाग ०.६ मात्र समजू नये. दोन वेगळ्या वारंवारतांची आरएमएस मूल्ये (मीटर दाखवतो ती वर्गसरासरी) वर्ग करूनच बेरजेत मिळतात, म्हणून विद्युत भाग ९ वजा ५.७६ याचे वर्गमूळ, म्हणजे १.८ येतो. तो बहुधा १०० हर्ट्झवर दिसेल. अधांतरी पाय बोल्टने खाली ओढला की मोटरची फ्रेम मुरडते, स्टेटर आणि रोटर यांतील हवेची फट असमान होते आणि हे कंपन वाढते. रिवाइंडिंगला दोष देण्यापूर्वी पाय नीट बसवून हे वाचन पुन्हा घ्यावे.

केवळ शिम घालून आणि बोल्ट आवळून थांबू नये, याचे कारण साध्या गणितात आहे. नैसर्गिक वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाबरोबर वाढते. आज ती १५.५ हर्ट्झ धरली आणि आधार १५ टक्क्यांनी कडक झाला, तर ती १६.६ च्या जवळ जाते, आणि तोच आपला रिकाम्या चालीचा वेग आहे! म्हणजे अर्धवट दुरुस्तीनंतर भाराखाली सुधारणा दिसेल आणि रिकाम्या चालीत मोटर आजच्यापेक्षा जास्त थरथरेल. तिला २० हर्ट्झच्या आसपास न्यायचे असेल, तर कडकपणा सुमारे दोन-तृतीयांशाने वाढवावा लागतो, आणि ते पोकळ ग्राउट फोडून, तेलकट काँक्रीट खरवडून नव्याने इपॉक्सी ग्राउट भरल्याशिवाय होणे कठीण आहे. काम झाल्यावर मोटर बंद असताना हातोडीची चाचणी घेऊन नवी वारंवारता मोजावी, आणि मगच कपलिंगचे अलाइनमेंट करावे.

बॅलन्सिंगने थरथर थोडीफार कमी होईल हे खरे आहे, कारण अनुनाद कोणत्यातरी बलालाच मोठे करत असतो. मोठे शटडाऊन मिळेपर्यंत मिल चालवणे भागच असेल, तर तो तात्पुरता उपाय म्हणून चालेल. मात्र अनुनादाजवळ फेज (असमतोल आणि कंपन यांतील कोनाचे अंतर) वेगाबरोबर झपाट्याने बदलतो, म्हणून ९९४ वर ठरवलेले वजन ९३० वर तितकेच उपयोगी पडेल, याची हमी वर्कशॉपला देता येणार नाही.