एक्सेल इम्पोर्टमध्ये कोडच्या जागी नल येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एक्सेल फाइल एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये घेतेय. ग्राहक कोडच्या कॉलममध्ये वर नुसते आकडे आहेत, बरंच खाली 'अ-१०४५' असे कोड सुरू होतात. इम्पोर्ट विनातक्रार होतं, पण टेबलात त्या कोडांच्या जागी नल (म्हणजे रिकामी नोंद)! एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं.

एक्सेल वाचणारा ड्रायव्हर पहिल्या ८ ओळी बघून कॉलमचा टाइप (आकडे की टेक्स्ट) ठरवतो, म्हणून फाइल जोडायच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये आयमेक्स=१ (मिश्र कॉलम टेक्स्ट म्हणून वाचायची सेटिंग) टाकलं. फरक शून्य, कारण त्या आठही ओळींत आकडेच आहेत. किती ओळी बघायच्या ते विंडोजच्या रजिस्ट्रीत ठरतं, पण ती बदलायची परवानगी नाही.

एचडीआर=नो करून हेडरची ओळही डेटा म्हणून वाचली, तर कॉलम टेक्स्ट धरला जाईल ना? की सरळ सीएसव्ही करून सगळं एनव्हारचारच्या (टेक्स्ट टाइपच्या) तात्पुरत्या स्टेजिंग टेबलात घ्यावं आणि मग ट्राय_कन्व्हर्टने (टाइप बदलता येतो का ते बघणाऱ्या फंक्शनने) तपासावं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.