मदत हवी आहे: मुक्तस्रोत प्रकल्पाची गजबजलेली मेलिंग लिस्ट विभागावी का?

नमस्कार मंडळी,

भौगोलिक माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लायब्ररीच्या मेलिंग लिस्टचे (ईमेलवरून चालणाऱ्या चर्चागटाचे) व्यवस्थापन आम्ही काही स्वयंसेवक पाहतो. लिस्ट एकच आहे आणि इन्स्टॉल करताना येणाऱ्या अडचणींपासून पॅचच्या (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या) परीक्षणापर्यंत सारे काही तिच्यावरच चालते. टपाल इतके वाढले आहे की जुने जाणकार सदस्य हळूहळू डायजेस्टकडे (अनेक पत्रे एकत्र करून येणाऱ्या संकलनाकडे) वळू लागले आहेत. डायजेस्टला थेट उत्तर दिले की मूळ विषयओळ हरवते आणि चर्चेचा धागा तुटतो, तो वेगळाच ताप. वापरकर्त्यांसाठी एक व विकसकांसाठी एक अशा दोन लिस्ट कराव्यात, अशी मागणी आता जोर धरू लागली आहे.

माझा कल विभाजनाच्या बाजूने नाही, कारण इतर प्रकल्पांचा अनुभव काळजीत टाकणारा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पात पॅचेससाठी स्वतंत्र लिस्ट होती. पॅच एका ठिकाणी आणि त्यामागच्या आराखड्याचा वाद दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी त्यातून होत असे. 2008 मध्ये ती लिस्ट बंद करून पॅचेस पुन्हा विकसकांच्या ‘हॅकर्स’ लिस्टवर आणले गेले. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअर प्रकल्पाने विकसकांची आणि यंत्रणा चालवणाऱ्या ऑपरेटरांची लिस्ट वेगवेगळी ठेवून पाहिली होती, परंतु एकच मजकूर दोन्हीकडे पाठवण्याची वेळ वारंवार येत असल्याने नोव्हेंबर 2018 मध्ये त्या सर्व लिस्ट ‘ओपनस्टॅक-डिस्कस’ या एकाच लिस्टमध्ये विलीन करण्यात आल्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पीईपी 572 या बदलाच्या प्रस्तावावरील वाद आधी ‘पायथन-आयडियाज’वर आणि मग ‘पायथन-डेव्ह’वर असा दोनदा झाला. त्यानंतर जुलै 2018 मध्ये पायथनचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांनी नेतृत्व सोडले. त्याचा दोष लिस्टच्या रचनेला देणे अन्यायाचे होईल, पण तेच मुद्दे दोन ठिकाणी मांडावे लागल्याने त्या वादाचा शीण वाढला असावा असे मला वाटते.

दुसरीकडे लिनक्स कर्नलचे (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे) काम कितीतरी स्वतंत्र लिस्टवर वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहे. मग काही ठिकाणी विभाजन टिकते आणि काही ठिकाणी ते मागे घ्यावे लागते, हे कशावरून ठरते? शिवाय विकसक आपल्या लिस्टवर निघून गेल्यावर वापरकर्त्यांच्या प्रश्नांना उत्तरे कोण देणार, हा माझा खरा प्रश्न आहे. ज्यांनी असे विभाजन जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

आपण दिलेल्या उदाहरणांतच उत्तराचा मोठा भाग आहे. कर्नलच्या लिस्ट वाचकांच्या प्रकारानुसार नव्हे, तर जबाबदारीनुसार विभागलेल्या आहेत. नेटवर्किंगची लिस्ट वेगळी आहे कारण नेटवर्किंगचे मेंटेनर (त्या भागाची देखभाल करणारे) वेगळे आहेत. पॅच येणे, त्याचे परीक्षण होणे आणि तो स्वीकारला जाणे हा सगळा प्रवास त्याच लिस्टवर पूर्ण होतो. कोणता पॅच कोणत्या लिस्टवर पाठवायचा हे मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये नोंदलेले असते आणि ते शोधून देणारी स्क्रिप्टही सोबत असते, त्यामुळे नवख्याला अंदाज बांधावा लागत नाही. पोस्टग्रेसच्या जुन्या विभाजनाने नेमका हाच प्रवास मधोमध तोडला होता.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कर्नलच्या मुख्य लिस्ट सदस्य नसलेल्यांचे टपालही स्वीकारतात आणि उत्तर देताना सर्वांना प्रत पाठवण्याचा प्रघात आहे, म्हणून एखादी चर्चा दोन लिस्टवर पसरली तरी ती दोन्हीकडे पूर्ण दिसते. आपली लिस्ट फक्त सदस्यांपुरती असेल, तर एकाच लिस्टचा सदस्य असलेल्या माणसाचे उत्तर दुसरीकडे मॉडरेशनमध्ये (मंजुरीच्या प्रतीक्षेत) अडकेल आणि तिथल्या वाचकांना अर्धेच संभाषण दिसेल. विभाजन झालेच, तर पहिल्याच आठवड्यात याच्या तक्रारी सुरू होतील.

वापरकर्ते आणि विकसक हा भेद मला तरी फारसा पटत नाही. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची मुख्य लिस्ट आजही दोघांसाठी एकच आहे, आणि वापरकर्त्याच्या तक्रारीतून पॅच जन्माला येण्याचा मार्ग त्यामुळे आखूड राहतो. माझी सूचना अशी, की आधी स्वयंचलित टपाल वेगळे काढावे: कमिटच्या (कोडमध्ये बदल नोंदल्याच्या) सूचना, चाचण्या फसल्याचे अहवाल, ज्यांना कोणी उत्तर देत नाही असे सर्व काही. त्यानंतर विषयओळीत कंसात घटकाचे नाव लिहिण्याची सवय लावावी. ओपनस्टॅकनेही विलीनीकरणानंतर अशाच खुणांवर भिस्त ठेवली. इतके करूनही एखाद्या घटकाची चर्चा लिस्ट व्यापून टाकत असेल आणि त्या घटकाला स्वतःचा मेंटेनर असेल, तरच त्याची लिस्ट वेगळी करावी.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. स्वयंचलित टपाल लगेच हलवता येईल. मात्र बिगरसदस्यांना लिस्ट खुली केली तर स्पॅमचे काय करावे? आमच्याकडे कर्नलइतके मनुष्यबळ नाही. आणि पुढेमागे विकसकांची लिस्ट वेगळी करावीच लागली, तर जुना पत्ता कोणाकडे ठेवावा?

प्रतिसाद 2

लिस्ट पूर्ण खुली करण्याची गरज नाही. अनोळखी माणसाचे पहिले पत्र रोखून धरावे, आणि ते मंजूर करतानाच त्याचा पत्ता परवानगी असलेल्या बिगरसदस्यांच्या यादीत घालावा. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे आणि मॉडरेशनच्या पडद्यावरूनच ती वापरता येते. त्या माणसाच्या पुढच्या पत्रांना मग थांबावे लागत नाही, त्यामुळे काम फक्त नव्या पत्त्यांपुरते उरते.

जुना पत्ता वापरकर्त्यांकडेच राहू द्यावा. तो दस्तऐवजांत, जुन्या ब्लॉगांवर आणि शोधयंत्रांच्या निकालांत विखुरलेला असतो, आणि तिथून येणारा माणूस बहुधा अडचण घेऊनच येतो. विकसक मोजके असतात व एकमेकांना ओळखतात, तेव्हा नव्या पत्त्यावर जाण्याची तसदी त्यांनी घ्यावी. मात्र निदान दोन मेंटेनरांनी जुन्या लिस्टवर आळीपाळीने उत्तरे देण्याचे लेखी मान्य केल्याशिवाय नवी लिस्ट सुरू करू नये.